दातानं चावता येतं ते धातू कसलं

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझ्या बायकोलाही आशीर्वाद, कारण हे पत्र तीच वाचून दाखवणार. तुला आता चष्म्यातूनही अक्षर दिसत नाही, आणि दिसत होतं तेव्हाही तू पहिल्या ओळीपुढे कधी गेला नाहीस. (अगं, तुला म्हणून सांगते, कंसातलं जे असेल ते तू मनात वाचायचं, त्याला ऐकवायचं नाही. कंस म्हणजे ही अशी वाकडी रेघ, दोन्ही बाजूंनी. मला नातीनं शिकवलं. फार सोयीची वस्तू आहे. आधी माहीत असती तर सासरची निम्मी भांडणं मी कंसातच उरकली असती.)

इकडे सगळं बरं आहे. बरं म्हणजे माझे गुडघे जागच्या जागी आहेत, जावयाचं डोकं जागेवर नाही, लेक दवाखान्यातून आली की झोपते आणि उठली की दवाखान्यात जाते, आणि नातीच्या पालकात धातू निघाला. तुझं कसं काय? मागच्या पत्रात तू लिहवलं होतंस की पोटात मुरडा येतो, अन्न नको वाटतं, मनगटात जोर राहिला नाही, कपबशी उचलली की वाजते. शिवाय माणसांची नावं आठवत नाहीत आणि आठवली की राग येतो. ते वाचून मी इथे सगळ्यांना सांगितलं की पोटाचं कारण स्वयंपाक, मनगटाचं कारण आळस, आणि रागाचं म्हणशील तर तू आमच्या बापाचा मुलगा आहेस. (स्वयंपाकाचं मनाला लावून घेऊ नकोस. लावून घेतलंस तरी मी ते खोडणार नाही. खोडलं की कागद घाण दिसतो.)

आता पत्राला कारण. कारण असं आहे की इथे जे घडलं ते मला अजून नीट कळलेलं नाही, आणि ज्याला काहीच कळत नाही अशा माणसाला सांगून बघितलं तर आपल्याला थोडं कळतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून तुला लिहिते.

नातीनं नोकरी सोडली हे तुला माहीत आहे. ती कानाला यंत्र लावून दिवसभर परक्या लोकांच्या तक्रारी ऐकायची. (घरात मी असताना त्यासाठी बाहेर कशाला जायचं, असं जावई म्हणाला होता. मी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. अजून दाखवते आहे.) ते यंत्र तिनं दाराआडच्या खिळ्याला टांगून ठेवलं आणि पाण्यावर भाजी लावायला घेतली. पाण्यावर म्हणजे पाणी घालून नाही, पाण्यातच. माती नाहीच. मागच्या खोलीत एक मोठं टब आणि गॅलरीत दुसरं. टबात पाणी, पाण्यावर थर्माकोलचा पत्रा तरंगता, पत्र्याला भोकं, भोकात इवलीशी टोपली, टोपलीत स्पंजचा तुकडा, आणि त्यात पालक नाहीतर सॅलडचा पाला उभा. खाली मुळं पाण्यात लोंबतात, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. एक पंप बुडबुडे सोडत बसतो. मागच्या खोलीत जांभळे दिवे, त्या उजेडात माणूस उभा राहिला तर मेल्यासारखा दिसतो आणि पालक मात्र ताजा दिसतो.

मी विचारलं, माती कुठाय? म्हणाली, "आजी, माती नुसती झाडाला धरून ठेवते. खायचं ते मी पाण्यात विरघळवून देते." माती नको, ऊन नको, पाऊस नको. मी म्हटलं, आता भाजीसुद्धा नको म्हणालीस की संपलं. तिनं बाटल्या दाखवल्या. एक पांढरी पूड, एक हिरवं पाणी, एक तांबूस औषध, ते म्हणे लोखंडाचं. झाडं लोखंड खातात. चिमूटभर, पण खातात, नाही मिळालं तर पानं पिवळी पडतात. शिवाय टबातलं पाणी कायम जरा आंबट ठेवायला लागतं, नाहीतर औषधं तळाला बसतात. म्हणून ती रोज आंबट थेंब घालायची आणि एक कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग बघायची. मी एवढी वर्षं भाज्या शिजवल्या, पण पालकाला आंबट पाण्यात लोखंड घालून जेवण द्यायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासूनच माझ्या डोक्यात गोंधळ सुरू झाला. पुढचं सगळं त्यावर रचत गेलं.

हे नातीचं नुसतं खूळ नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकाला पाळणाघर आहे. तिथली बाई कडक आहे, मला आवडते. तिला लेकरांच्या जेवणासाठी रोजची ताजी पालेभाजी हवी होती. तिनं नातीला सांगितलं, माल चांगला असेल तर सगळा मीच घेईन, पण आधी प्रयोगशाळेतून तपासून आण, लहान पोटं आहेत. हे गिऱ्हाईक लागलं तर नातीचा धंदा उभा राहणार, नाहीतर खिळ्यावरचं यंत्र परत कानाला. ती येता-जाता त्या खिळ्याकडे बघायची. मीही बघायचे.

मध्ये तिला या कामाचं काहीतरी शिकायला परगावी जायचं होतं. दोन्ही टबं माझ्या हवाली केली. काय करायचं ते सांगितलं, त्यापेक्षा काय करायचं नाही ते जास्त सांगितलं. हात घालू नको, पाणी बदलू नको, मुळं ओढून बघू नको, त्यांच्याशी बोललीस तरी चालेल. मी पालकाशी काय बोलणार. ती गेली आणि वारा सुटला. मागच्या खोलीतलं टब सुखात होतं, पण गॅलरीतला तो थर्माकोलचा पत्रा वाऱ्यानं एका अंगानं उचलायचा, की दुसऱ्या अंगाची रोपं पाण्यात नाक घालायची. मी दोनदा सरळ केला, तिसऱ्यांदा पाट्याचा दगड ठेवला तर तो पत्रा मोडून तळाला गेला. (पत्रा मी नवा कापून घातला, जावयाच्या फ्रिजच्या खोक्यातून. त्याला अजून माहीत नाही.)

आता तूच सांग, मासळीची जाळी विणणाऱ्या घरातली मुलगी अशा वेळी काय करील? तरंगती वस्तू खाली ओढून धरायची तर शिसं. बापानं ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांची ती माळ मी लग्नात बरोबर आणली, ती अजून पुरते आहे. माझ्या घरात जे म्हणून उडतं त्याला शिसं लावलेलं असतं हे तुला ठाऊकच आहे. पडद्यांच्या काठात शिसं, टेबलावरच्या कापडाच्या कोपऱ्यांत शिसं, दुधावरच्या जाळीला शिसं. लेक शाळेत जायची तेव्हा तिच्या झग्याच्या घेरातसुद्धा मी गोळ्या शिवल्या होत्या. ती पळाली की टकटक वाजायची, आणि लपाछपीत तिच्यावरच राज्य यायचं. तर मी माळेतल्या चार चांगल्या गोळ्या काढल्या, पत्र्याच्या चार कोपऱ्यांना दोरीनं बांधल्या आणि पाण्यात सोडल्या. जाळ्याच्या खालच्या काठाला, पायदोराला बांधतो तशाच, तीच गाठ. पत्रा असा सपाट बसला की वर बशी ठेवून चहा प्यावा. वारा वाजून वाजून दमला.

नात परत आली, पत्रा बघितला, म्हणाली, "आजी, हलत नाही गं आता. काय केलंस?" मी म्हटलं, नीट लावला. आपल्यात जाळं कसं बांधलं ते कुणी विचारलं तर सांगत नाहीत, हे काही मी तुला सांगायला नको. आणि खालचं कुणी बघितलं नाही, कारण सगळे पानंच बघतात.

पुढे गॅलरीतला पालक रुसला. आतल्या टबातली पानं तळहाताएवढी, आणि याची माझ्या अंगठ्याएवढी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जुन्या बनियनसारखा. नात म्हणाली, याला लोखंड कमी पडतंय. तिनं तांबूस औषध वाढवलं. पालक आणखी पिवळा. तिनं आंबट थेंब वाढवले. पालक आणखी लहान. मला दया आली, मी तिला म्हटलंही, याला जेवण नको आहे, याचं पोट बिघडलंय. कुणी लक्ष दिलं नाही. त्यात पाळणाघरासाठी नमुना द्यायचा दिवस आला आणि तिनं दोन्ही टबांतली पानं एका पिशवीत घालून प्रयोगशाळेत दिली. निरोप आला की पानांत जड धातू आहे, पाहिजे त्यापेक्षा फार जास्त, कोणता आणि कुठून ते तपासायला आमचं माणूस येईल, तोवर ही भाजी कुणी खाऊ नये. आम्ही ती आदल्या दिवशीच खाल्ली होती. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. जावई म्हणाला की त्याला तेव्हाच चव वेगळी लागली होती. ती चव माझ्या मिठाची होती, पण मी बोलले नाही.

धाकट्या, त्या दिवसापासून या घरात जे चाललं त्याला मी काय नाव देऊ? जावई फोनमधून वाचून दाखवायला लागला. धातू हवेतून येतो, पाण्यातून येतो, रंगातून येतो, नळातून येतो, गाड्यांच्या धुरातून येतो. मी म्हटलं, कुठून येत नाही तेवढं सांगा, म्हणजे वाचायला कमी पडेल. त्यानं गॅलरीच्या कठड्याचा रंग खरवडून काढला. आता कठडा महारोग झाल्यासारखा दिसतो आणि गॅलरीत उभं राहायची लाज वाटते. मी माझ्या बुद्धीनं शोधायचं ठरवलं. धातू म्हणजे चुंबकाला चिकटणार. फ्रिजच्या दारावर पक्ष्याचं चुंबक आहे, ते काढून मी पालकावरून फिरवलं, कपड्याला इस्त्री करतात तसं, सावकाश. एक पान चिकटलं. मी हाका मारल्या, सगळे धावत आले. पान ओलं होतं म्हणून चिकटलं होतं.

मग माझा संशय नळवाल्यावर गेला. तो मला मावशी म्हणतो आणि काम करताना गातो, दोन्ही गोष्टी मला पसंत नाहीत. त्याला बोलावून घेतलं. त्यानं पाइप ठोकून बघितला आणि मान हलवली.

"मावशी, हा पाइप कुणी बसवला?"

"तूच."

"मग पाइपात काही नाही. नळ कुणी बसवला?"

"तोही तूच."

"मग पाण्यातच काहीतरी असणार."

मी म्हटलं, पाणी तू बसवलं नाहीस एवढ्यावरून तू हे म्हणतोस. तरी त्याच्याकडून पाइप सोडवून आत डोकावून बघितलंच. आत अंधार होता. एवढं बघेपर्यंत स्वयंपाकघरात घोट्याइतकं पाणी झालं आणि नात खुर्चीवर पाय वर घेऊन बसली, त्या खिळ्याकडे बघत. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ही मुलगी आतून खचली आहे. मी तिच्या हातात फडकं दिलं. माणूस खचलं की त्याला काम द्यावं, नाहीतर ते विचार करत बसतं.

शेवटी प्रयोगशाळेची बाई आली. उंच, दमलेली, हातमोजे घातलेली. तिनं पाणी बघितलं, बाटल्या बघितल्या, नळवाल्याकडे बघितलं (तो अजून पाइप जोडत होता). आतल्या टबातलं पान घेतलं, गॅलरीतलं पान घेतलं, वेगवेगळ्या पिशव्यांत घातलं. मग म्हणाली, सगळे पानंच दाखवताहेत, मला मुळं दाखवा. आणि तिनं गॅलरीतला तो पत्रा दोन्ही हातांनी उचलला. पत्रा सहज येईना. जोर लावला तेव्हा वर आला, आणि खाली माझ्या चार गोळ्या लोंबत होत्या, टपटप गळत. मुळं पांढरी असायला हवीत, ती चहाच्या गाळासारखी तपकिरी होऊन गोळ्यांभोवती गुंडाळलेली. गोळ्यांवर पांढरट साय आलेली.

"आजी, हे काय?"

मी म्हटलं, "शिसं. जाळ्याचं. का, हवंय का तुम्हाला?"

नळवाल्यानं गाणं थांबवलं. जावई म्हणाला, "आई, अहो, आपण इतके दिवस जो धातू शोधतोय तो हाच." आता मला सांग, मी काय समजायचं? धातू म्हणजे लोखंड, तांबं, पितळ. आपटलं की वाजतं, पायावर पडलं की बोट मोडतं, वाकवायला लोहार लागतो. शिसं नखानं ओरखडतं. मी त्या बाईला स्पष्ट सांगितलं, माझा धाकटा भाऊ हे रोज दातानं चावून दोरीवर बसवतो, दातानं चावता येतं ते धातू कसलं. यावर ती बाई भाजीचं सोडून मला भलतंच विचारायला लागली. ते मी मागाहून लिहीन. इथेच लिहिलं तर तू पुढचं ऐकणार नाहीस.

तिनं मला समजावून सांगितलं आणि मला ते निम्मं कळलं. शिसं साध्या पाण्यात फारसं हलत नाही, पण पाणी आंबट असलं की हळूहळू सुटायला लागतं. हे मला लगेच पटलं, कारण आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात ठेवला की कळकतो. म्हणजे टब कळकलं. पालक कळकला. मग ते कुणी आधी साध्या भाषेत का नाही सांगितलं? पुढचं मात्र मला अजून पचलेलं नाही. म्हणे मुळं बिचारी बरंचसं शिसं खालीच अडवून धरतात, दारावरच्या राखणदारासारखी, वर पानांत जाऊ देत नाहीत. पण नातीच्या तांबूस औषधाचं कामच असं, की लोखंडाचा हात धरून त्याला वर न्यायचं. त्या औषधानं लोखंडाचा हात सोडला आणि शिशाचा धरला. म्हणजे नातीनं पानं पिवळी बघून जितकं औषध वाढवलं तितकं शिसं वर चढलं, आणि जितकं शिसं चढलं तितकी पानं पिवळी. मी विचारलं, पण झाडाला कळत नाही का आपण काय खातोय ते? बाई म्हणाली, पाण्यात जे विरघळलेलं असतं ते झाड पितं, पालेभाजी तर सगळ्यात भराभर. मी इतकी वर्षं झाडांना शहाणं समजत होते. गाय निदान हुंगून तरी बघते.

गॅलरीतली सगळी भाजी बंद पिशवीत गेली. फेकायची नाही, जनावराला घालायची नाही, खतात टाकायची नाही. पाणीसुद्धा मोरीत ओतायचं नाही, ते डब्यात भरून बाईनं नेलं. टबही गेलं. नात मला काही बोलली नाही. मी माफी मागितली नाही, कारण मी गाठ चांगली मारली होती आणि पत्रा हलत नव्हता, हे कुणी नाकारू शकत नाही. पण ती रात्री जेवत नव्हती तेव्हा मी ताट तिच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, आतल्या टबात मी काही बांधलेलं नाही, शपथेवर सांगते, तिथे वारा नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसायलाच लागली, मग रडली, मग जेवली. ही हल्लीची मुलं एकाच वेळी किती गोष्टी करतात.

तर असं आहे. सांगून बघितलं, तरी मला नीट कळलं नाही ते नाहीच. तुला कळलं असेल तर मला कळव. घरातल्या लहानमोठ्यांना आशीर्वाद, शेजारच्या त्या चहाडखोर म्हातारीलाही, ती मेली नसेल तर.

तुझी थोरली बहीण

ता. क. आतल्या टबातली भाजी वेगळी तपासली, ती स्वच्छ निघाली. पाळणाघरवाली बाई स्वतः येऊन बघून गेली, टबावर वाकून, पत्र्याखाली हात घालून. ती रोजची भाजी घ्यायला तयार आहे, पण तिची अट आहे की आजींनी टबांपासून लांब राहावं. नातीनं ते कानाचं यंत्र खिळ्यावरून काढून कुणालातरी देऊन टाकलं. त्या खिळ्याला आता मी माझी पिशवी अडकवते.

आणखी ता. क. आम्ही सगळ्यांनी ती भाजी खाल्ली होती म्हणून लेकीनं दवाखान्यात नेऊन सगळ्यांचं रक्त तपासलं. सगळे ठीक आहेत. माझ्या रक्तात जरासं जुनं शिसं निघालं, बापाच्या भट्टीजवळ बसायचे तेव्हाचं, ते म्हणे हाडात जाऊन बसतं आणि म्हातारपणी डोकावतं. जावयाला सुई टोचली तेव्हा तो आडवा झाला, मी उभ्यानं दिलं. लेक म्हणत होती, मामाचंही रक्त तपासायला हवं. मी म्हटलं, तो कसला देतोय, सुई बघितली तर तो खाटेखाली शिरेल, लहानपणी देवीची लस टोचायला माणूस आला तेव्हा तो कोंबड्यांच्या खुराड्यात सापडला होता. तर तू काही रक्त द्यायला जाऊ नकोस. तुझ्यानं होणार नाही. इथे सगळ्यांना मी तसं सांगून टाकलं आहे, आणि सगळे मान हलवून हो म्हणाले.

(अगं, आता नीट वाच, आणि तो बाहेर जाळ्याशी बसलेला असेल तेव्हा वाच. त्या बाईनं मला विचारलं, तुमचा भाऊ शिसं दातानं चावतो, कधीपासून? मी म्हटलं, दात आले तेव्हापासून, कामाच्या वेळी दोन-चार गोळ्या गालातच असतात. तिनं हातमोजे काढले आणि स्टुलावर बसली. त्याच्या पोटात मुरडा येतो का, म्हणाली. मनगट लुळं पडतं का, हात थरथरतो का, विसरतो का, चिडतो का. तिनं मागचं पत्र वाचलं असावं असंच विचारत गेली आणि मी हो हो म्हणत गेले. लेक चहा घेऊन दारात उभी होती, तिनं कप खाली ठेवले. लेक म्हणाली, औषध आहे, पण आधी रक्त बघायला हवं आणि आधी ते तोंडातून काढायला हवं. मी वरची ता. क. म्हणूनच लिहिली. मी कर म्हटलेलं त्यानं जन्मात केलं नाही, आणि करू नको म्हटलेलं सोडलं नाही. ती त्याला मोठ्यानं वाचून दाखव, खुराड्याचं दोनदा. तो तावातावानं उठेल तेव्हा तुझी चप्पल पायात तयार असू दे. गोळ्या गालात ठेवायच्या नाहीत, दातानं दाबायच्या नाहीत, त्याला पक्कड आणून दे, गालात ठेवायला लवंग दे. शिसं वितळवायचं ते भांडं चुलीवरून हलव, घरापासून लांब ठेव. तुझी नातवंडं त्याच्याशेजारी बसून गोळ्या तोंडात घालत असतील, मला सांगू नकोस नाही घालत म्हणून, आम्हीही घालायचो. त्यांचंही रक्त बघ, आधी त्यांचं. आणि त्याच्या पोटदुखीचा आळ मी तुझ्या स्वयंपाकावर घातला होता तो काढून घेते. स्वयंपाकाबद्दल मी बाकी जे बोलले ते तसंच राहू दे. काय निघालं ते लगेच कळव. मला पत्राची वाट बघायची सवय नाही.)

शेवटची ता. क. नातीनं घरातलं सगळं शिसं जमा केलं. पडद्यांचे काठ उसवले, टेबलाचं कापड उसवलं, ती माळसुद्धा घेतली, आणि डब्यात बंद करून त्या बाईकडे दिलं. आता वारा आला की घर जहाजासारखं फडफडतं आणि जावई दुधातून माश्या काढतो.

(एक गोळी मात्र मी दिली नाही. माझ्या खोलीच्या पडद्याच्या काठात आहे, हात लावला की धुते. तिच्यावर दातांची खूण आहे. दोन दात आणि मध्ये फट. तो पहिल्यांदा बापाच्या हाताखाली बसला तेव्हा चावलेली, पुढचा दात नुकताच पडला होता. पडदा कुणी खात नाही. हा कंस त्याला मोठ्यानं वाचून दाखव.)